सिरोसिसच्या रुग्णाची मूत्रपिंडे मंदावतात तेव्हा : पहिल्या ४८ तासांपासून प्रत्यारोपणाच्या निर्णयापर्यंत

लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य, १.१ असे छापलेले असते, शेजारच्या रकान्यात ०.७ ते १.३ ही सर्वसाधारण मर्यादा असते, आणि आकडा मर्यादेत दिसल्यामुळे रिपोर्ट हातात घेणारा प्रत्येक जण पान उलटतो. याच रुग्णाचे दीड महिन्यापूर्वीचे क्रिएटिनिन ०.६ होते, ही नोंद जुन्या फाइलमध्ये असते आणि ती फाइल घरी राहिलेली असते. ०.६ वरून १.१ म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक वाढ झाली. प्रगत सिरोसिसच्या रुग्णात ही वाढ म्हणजे मूत्रपिंडावर आलेला तातडीचा प्रसंग असतो, आणि तो ओळखण्यात गेलेला प्रत्येक दिवस पुढच्या उपचारांचा परिणाम कमी करत जातो.

हा लेख मुख्यतः तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात असे रुग्ण सर्वांत आधी पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि निवासी डॉक्टरांसाठी लिहिला आहे. नातेवाइकांनाही त्यातून वॉर्डात काय चालले आहे आणि का, हे समजावे असा प्रयत्न आहे; मात्र येथे दिलेली मात्रा घरी वापरण्यासाठी नाही.

नेमके काय बिघडते

सिरोसिसमध्ये यकृत कठीण होते, पोर्टल शिरेतील दाब वाढतो आणि आतड्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नायट्रिक ऑक्साइडसारख्या द्रव्यांमुळे सैलावतात. शरीरातील बरेचसे रक्त त्या सैल वाहिन्यांत अडकून राहते आणि मोठ्या धमन्यांतला दाब उतरतो. शरीराला वाटते की रक्त कमी पडले आहे, म्हणून रेनिन, अल्डोस्टेरॉन, नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि व्हासोप्रेसिन ही संप्रेरके सगळा जोर लावतात. त्यांच्यामुळे मीठ-पाणी धरून ठेवले जाते, जलोदर (पोटात साठलेले पाणी) वाढतो, आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमन्या इतक्या आवळतात की रक्त गाळण्याचे काम जवळजवळ थांबते. पोटात दहा लिटर पाणी असूनही मूत्रपिंड तहानलेले असते, हा या आजारातला मूळ विरोधाभास आहे. तो लक्षात राहिला तर पुढच्या बहुतेक चुका टळतात.

मूत्रपिंड स्वतः निरोगी असते, याचा एक विलक्षण पुरावा १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. हेपॅटोरीनल सिंड्रोमने, म्हणजे यकृताच्या आजारामुळे मूत्रपिंड असे थांबण्याने, मृत्यू पावलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे ज्यांचे यकृत चांगले होते अशा रुग्णांना बसवण्यात आली आणि ती पुन्हा काम करू लागली. पुढे यकृत प्रत्यारोपणानंतर रुग्णाची स्वतःची मूत्रपिंडेही सुधारतात, हेही दिसले. अर्थात आवळलेली धमनी फार दिवस तशीच राहिली, तर आतील नलिकांना इजा होते आणि परतीची वाट अवघड होते.

पहिली पायरी : क्रिएटिनिन वाचायला शिकणे

क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते आणि त्याचा कच्चा माल, म्हणजे क्रिएटिन, यकृतात तयार होतो. सिरोसिसच्या रुग्णाचे हातपाय वाळलेले असतात आणि यकृत थकलेले असते, त्यामुळे त्याचे क्रिएटिनिन मुळातच खोटे कमी असते. बिलिरुबिन खूप वाढलेले असेल तर नेहमीच्या रासायनिक पद्धतीने मोजलेला आकडा आणखी खाली येऊ शकतो. म्हणून या रुग्णात छापील मर्यादा बाजूला ठेवावी आणि आकड्याची तुलना त्याच रुग्णाच्या मागच्या तीन महिन्यांतील आकड्याशी करावी.

जगभर वापरला जाणारा निकष असा आहे : ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक वाढ, अथवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट किंवा त्याहून जास्त वाढ. २०२४ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन सुधारलेल्या व्याख्येत लघवीचाही समावेश झाला. सहा तास किंवा अधिक काळ वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी लघवी होत असेल, तर तेही मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याचे लक्षण मानावे. साठ किलोच्या माणसात याचा अर्थ तासाला ३० मिलिलिटर. युरोबॅग (लघवीची पिशवी) लटकवून ठेवणे पुरेसे नाही. दर तासाची नोंद कागदावर उतरली पाहिजे, आणि ती रात्रपाळीत तुटता कामा नये.

दीडपट ते दुप्पट वाढ हा पहिला टप्पा, दुप्पट ते तिप्पट हा दुसरा, आणि तिप्पटीच्या वर किंवा आकडा तीव्र वाढीसह चारच्या पुढे गेला किंवा डायलिसिस लागले तर तिसरा. पहिल्या टप्प्यातही क्रिएटिनिन दीडच्या आत आहे की वर, हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दीडच्या वर असलेल्यांचा पुढचा प्रवास अधिक कठीण असतो. जुना रिपोर्ट मिळतच नसेल तर भरतीच्या वेळचा आकडा आधार धरावा, बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासणी करावी, आणि मधल्या काळात नातेवाइकांना फोनवर जुन्या कागदांचा फोटो मागवावा. हा फोटो अनेकदा महागड्या तपासणीपेक्षा अधिक सांगून जातो.

दुसरी पायरी : औषधांची पिशवी पलंगावर रिकामी करणे

‘काही औषधे चालू आहेत का?’ असे विचारल्यावर मिळणारे उत्तर अपुरे असते. पिशवी मागून घ्यावी आणि तिच्यातील प्रत्येक स्ट्रिप हातात घेऊन वाचावी. फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन ही पाणी उतरवणारी औषधे त्याच क्षणी थांबवावीत. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड यांची अर्धी संपलेली पट्टी सापडली तर कारण बहुधा हातात आले असे समजावे. सिरोसिसमध्ये मूत्रपिंडाच्या धमन्या थोड्या तरी उघड्या राहतात त्या प्रोस्टाग्लँडिन या शरीरातीलच द्रव्याच्या आधारावर, आणि या गोळ्या नेमका तोच आधार काढून घेतात. कंबरदुखीसाठी मेडिकलच्या दुकानातून घेतलेल्या दोन दिवसांच्या गोळ्यांनीही मूत्रपिंड बसू शकते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत दिले तर ते या रुग्णांत त्यामानाने सुरक्षित आहे. ‘लिव्हरला वाईट’ म्हणून ते नाकारून डायक्लोफिनॅक देणे ही उलटी काळजी झाली.

रक्तदाबाच्या रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या बंद कराव्यात. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांसाठी चालू असेल, तर वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली असताना किंवा मूत्रपिंड बिघडलेले असताना ते थांबवून ठेवावे. जेंटामायसिन, अमिकॅसिन टाळावे. हेपटायटिस बी साठी टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल चालू असेल तर ते अचानक बंद न करता तज्ज्ञांच्या सल्ल्याने एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर अलाफेनामाइडवर वळवावे. शौच साफ ठेवणाऱ्या लॅक्ट्युलोजची बाटलीही पाहावी. दिवसाला दोन-तीन मऊ शौच हे उद्दिष्ट असताना आठ-दहा वेळा जुलाब होत असतील, तर मूत्रपिंड केवळ पाण्याअभावी थांबले असण्याची शक्यता मोठी आहे.

पिशवीत बिननावाची पुडी किंवा काढा असेल तर तोही थांबवावा. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली होती. याविषयी विचारताना आवाजात दरडावणी असू नये, कारण घरातली माणसे प्रेमापोटीच हे देत असतात आणि रागावले की ती पुडी दडवली जाते. शेवटी मिठाबद्दल विचारावे. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात पोटॅशियम क्लोराइड असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन व मंदावलेले मूत्रपिंड यांच्या जोडीने ते हृदयाची लय थांबवण्याइतके पोटॅशियम वाढवू शकते.

तिसरी पायरी : त्याच दिवशी पोटातील पाणी तपासणे

जलोदर असलेल्या रुग्णाचे मूत्रपिंड बिघडले की दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत जंतुसंसर्ग आहे, असेच धरून चालावे. पोटातील पाण्यात आपोआप होणाऱ्या संसर्गात अनेकदा ताप नसतो, पोट दुखत नाही, रक्तातील पांढऱ्या पेशीही फार वाढलेल्या नसतात. अशा वेळी रुग्ण थोडा गुंगलेला असतो आणि लघवी कमी झालेली असते, एवढेच. म्हणून सुई घालून पाणी काढून पाहणे याला पर्याय नाही, आणि ते भरतीच्या दिवशीच व्हावे.

इथे हमखास आडवी येते ती रक्त गोठण्याची चाचणी. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २.२ आहे, प्लेटलेट ६० हजार आहेत, म्हणून टॅपिंग (सुईने पाणी काढणे) उद्यावर ढकलले जाते किंवा आधी प्लाझ्मा चढवला जातो. केवळ या आकड्यांसाठी टॅपिंग थांबवू नये आणि प्लाझ्मा देण्याचीही गरज नसते. डाव्या बाजूला खाली, सोनोग्राफीने पाण्याची जागा पाहून आणि त्वचेवरच्या फुगलेल्या शिरा टाळून घातलेली बारीक सुई सहसा त्रास देत नाही. पाण्याचे दहा मिलिलिटर खाटेशेजारीच रक्ताच्या कल्चर बाटलीत (जंतू वाढवून ओळखण्याच्या बाटलीत) घालावे आणि उरलेले पेशींच्या मोजणीसाठी पाठवावे. साध्या नळीत भरून सकाळपर्यंत ठेवलेल्या नमुन्यातून जंतू उगवण्याची शक्यता बरीच कमी होते.

एका घन मिलिमीटरमध्ये २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी आढळल्या तर कल्चरची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करावे. रुग्ण घरून आलेला असेल तर सेफोटॅक्झिम किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन चालते. अलीकडेच रुग्णालयात राहून आलेल्या किंवा वॉर्डातच बिघडलेल्या रुग्णात जंतू दाद न देणारे असू शकतात, म्हणून तेथील अनुभवानुसार पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेमचा विचार करावा. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा टॅप करून पेशी निदान पाव हिश्श्याने तरी उतरल्या आहेत, याची खात्री करावी. या संसर्गात प्रतिजैविकासोबत पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी किलोमागे एक ग्रॅम अल्ब्युमिन (शिरेतून दिले जाणारे रक्तातील प्रथिन) द्यायचे असते. स्पेनमधील १२६ रुग्णांच्या १९९९ सालच्या चाचणीत एवढ्या एका गोष्टीने मूत्रपिंड बिघडण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले होते. या आजारात इतका स्पष्ट फायदा देणारे उपाय मोजकेच आहेत.

याच फेरीत लघवीची तपासणी, रक्ताचे कल्चर, छातीचा एक्स-रे आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी उरकावी. गुदद्वारातून बोट घालून काळी शौच आहे का हेही पाहावे, कारण आतला रक्तस्राव हे दुसरे मोठे कारण आहे. रक्तस्राव असेल तर हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावर रक्त द्यावे, रक्तदाब सावरला की शक्यतो बारा तासांच्या आत एन्डोस्कोपी करावी, आणि संसर्ग झालेला नसला तरी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन दिवसाला एक ग्रॅम सुरू करावे.

एक गोष्ट कोकणात, मुंबई-ठाण्यात आणि गोव्यात काम करणाऱ्यांसाठी सांगणे भाग आहे. पावसाळ्यात कावीळ आणि मूत्रपिंड बिघाड एकत्र आला म्हणजे सिरोसिसच, असे नव्हे. भातशेतीत किंवा तुंबलेल्या पाण्यात काम केलेल्या, ताप व पोटऱ्यांत दुखणाऱ्या, डोळे लाल झालेल्या माणसात लेप्टोस्पायरोसिसचा विचार आधी यायला हवा, कारण तो पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनने बरा होणारा आजार आहे. आधीच सिरोसिस असलेल्या शेतकऱ्यालाही तो होऊ शकतो.

चौथी पायरी : अल्ब्युमिन, आणि त्याची मर्यादा

जुलाब किंवा लघवीच्या औषधांमुळे शरीर कोरडे पडले असेल तर साध्या सलाइनने किंवा रिंगर लॅक्टेटने भरपाई करता येते. तसे ठोस कारण दिसत नसेल, किंवा मूत्रपिंडाचा बिघाड पहिल्या टप्प्याच्या पुढे गेला असेल, तर किलोमागे एक ग्रॅम अल्ब्युमिन रोज, दिवसाला जास्तीत जास्त १०० ग्रॅम, असा पूर्वापार दोन दिवसांचा प्रघात आहे. हिशेब असा : २० टक्के अल्ब्युमिनच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम असतात, म्हणून साठ किलोच्या रुग्णाला दिवसाला तीन बाटल्या. वजन मात्र पाण्याचे धरू नये. काट्यावर ७२ किलो भरणाऱ्या, पण पोटात दहा-बारा लिटर पाणी असलेल्या माणसाचे कोरडे वजन साठच समजावे.

प्रत्येक बाटली लावण्याआधी रुग्णाला बसते करून पाठीमागून फुप्फुसांचे तळ ऐकावेत, श्वास मोजावा, ऑक्सिजनचा आकडा पाहावा. पॉकेट सोनोग्राफी यंत्र असेल तर पोटातील महाशीर भरलेली आहे का तेही बघावे. दोन मिनिटांचे हे काम आहे आणि ते चुकले की तिसऱ्या दिवशी रुग्ण फुप्फुसात पाणी होऊन आयसीयूत जातो. २०२४ च्या सहमतीने जो मोठा बदल केला तो याच अनुभवातून आला आहे : आता ४८ तास अल्ब्युमिन देण्याची सक्ती राहिलेली नाही. ज्याला द्रवाची गरज आहे त्याला ते द्यावे, २४ तासांनी पुन्हा मोजावे, आणि ज्याची वाहिनी आधीच भरलेली आहे त्याला बाटली लावून वेळ दवडू नये.

रक्तातील अल्ब्युमिन २.१ आहे म्हणून रोज एक बाटली लावण्याची पद्धत मला चुकीची वाटते. भरती झालेल्या रुग्णांचे अल्ब्युमिन तीनच्या वर ठेवण्यासाठी रोज ते देऊन पाहणारी ब्रिटनमधील मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत फायदा दिसला नाही, उलट फुप्फुसात पाणी होण्याचे प्रमाण वाढले. कर्ज काढून आणलेल्या बाटल्या आकडा सजवण्यासाठी खर्च होऊ नयेत. संसर्ग, मोठे टॅपिंग आणि मूत्रपिंडाचा बिघाड या तीन जागी त्या वापराव्यात.

पोट ढोलासारखे ताणलेले असेल तर आतील दाबानेच मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. अशा वेळी दोन-तीन लिटर पाणी अल्ब्युमिनच्या आधाराने हळूहळू काढल्यास श्वासही मोकळा होतो आणि लघवीही कधी कधी वाढते. पाच लिटरपेक्षा जास्त काढायचे झाल्यास काढलेल्या दर लिटरमागे आठ ग्रॅम अल्ब्युमिन द्यावे. सात लिटर काढले तर ५६ ग्रॅम, म्हणजे व्यवहारात तीन बाटल्या.

या टप्प्यावर एक चूक वारंवार दिसते. लघवी होत नाही म्हणून लॅसिक्सची (फ्युरोसेमाइडची) मोठी मात्रा शिरेतून दिली जाते. युरोबॅगमध्ये थोडी लघवी दिसली की सर्वांना हायसे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन आणखी चढलेले असते. आधीच रक्त न पोचणाऱ्या मूत्रपिंडातून उरलेला द्रव पिळून काढल्यासारखे ते होते. फुप्फुसात खरोखर पाणी झाले असेल तरच लॅसिक्सला जागा आहे. ‘किडनी डोस’ डोपामाइनलाही आधार उरलेला नाही.

पाचवी पायरी : हा कोणता बिघाड, हे ठरवणे

चोवीस तासांनी क्रिएटिनिन उतरू लागले तर बिघाड पाण्याच्या कमतरतेचा होता; सावकाश पुढे जावे. उतरले नाही तर प्रश्न उरतो तो दोघांचा : हेपॅटोरीनल सिंड्रोम, की नलिकांनाच झालेली इजा. पहिल्यात लघवीत प्रथिने दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या आत असतात, लाल पेशी फारशा नसतात, सोनोग्राफीत मूत्रपिंड नीट दिसते आणि सोडियम बाहेर टाकण्याचे प्रमाण अत्यल्प, अनेकदा ०.२ टक्क्यांहूनही कमी असते. दुसऱ्यात आधी रक्तदाब कोसळलेला किंवा विषारी औषध दिलेले असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मातकट तपकिरी कास्ट (नलिकांत तयार झालेले साचे) दिसतात. बिलिरुबिन वीसच्या वर असेल तर पित्तरंगी कास्टही दिसतात, त्यामुळे लघवी पाहणाऱ्याला कावीळ किती आहे हे सांगून ठेवावे. लघवीतील एनजीएएल (नलिकांना इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन) ही चाचणी मोठ्या शहरांत मिळते आणि तिचा आकडा खूप जास्त असेल तर नलिकांच्या इजेकडे कल जातो. अनेक रुग्णांत दोन्ही एकत्र असतात. शंका उरली तरी हेपॅटोरीनलची शक्यता खरी असेल आणि मनाई नसेल, तर उपचाराला उशीर करू नये.

सहावी पायरी : टर्लिप्रेसिन

हे औषध आतड्यांकडच्या सैल वाहिन्या आवळते आणि तिथे अडकलेले रक्त मूत्रपिंडाकडे परत आणते. आपल्याकडे ते अनेक वर्षांपासून वापरात आहे. अमेरिकेत त्याला सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्या मान्यतेमागची ३०० रुग्णांची चाचणी प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. हेपॅटोरीनल सिंड्रोम बरा होण्याचे प्रमाण टर्लिप्रेसिनने ३२ टक्के आणि औषधाविना १७ टक्के होते. पण श्वसनाच्या कारणाने झालेले मृत्यू ११ टक्के विरुद्ध २ टक्के होते. औषध उपयोगी आहे, आणि चुकीच्या रुग्णात ते जीव घेऊ शकते, या दोन्ही गोष्टी एकाच चाचणीने दाखवल्या.

म्हणून सुरू करण्याआधी साध्या हवेवर ऑक्सिजन नव्वदच्या खाली आहे का, फुप्फुसात पाणी आहे का, ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा आहेत का, पायाच्या धमन्यांचा आजार आहे का, हे पाहावे. यांपैकी काही असेल, किंवा तीन-चार अवयव एकाच वेळी बंद पडलेले असतील, तर देऊ नये. क्रिएटिनिन पाचच्या पुढे गेल्यावर फायद्याची आशा फार कमी होते, आणि दोनच्या आसपास सुरू केले तर कितीतरी बरी असते.

दर सहा तासांनी एक मिलिग्रॅम शिरेतून, ही एक पद्धत. चोवीस तासांत दोन मिलिग्रॅम सावकाश पंपाने, ही दुसरी. दुसरी मला अधिक पसंत आहे, कारण कमी औषधात तितकाच परिणाम मिळतो आणि दुष्परिणाम कमी होतात. सिरिंज पंप जिथे आहे तिथे ती शक्य आहे. अठ्ठेचाळीस तासांनी क्रिएटिनिन निदान २५ टक्क्यांनी उतरले नसेल तर मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवावी. पंपाने कमाल १२ मिलिग्रॅम दिवसाला. सोबत गरजेनुसार दिवसाला २० ते ४० ग्रॅम अल्ब्युमिन, शरीरात द्रव जास्त झाला की ते लगेच बंद. मूळ आकड्याच्या ०.३ च्या आत क्रिएटिनिन आले की औषध थांबवता येते. कमाल १४ दिवस.

प्रत्येक पाळीला परिचारिकेने चादर दूर करून हातापायांची बोटे पाहावीत. निळसर किंवा पांढुरके बोट, थंड पडलेली त्वचा, अंडकोषाच्या कातडीवर काळसर डाग, अचानक पोटात कळ, पातळ शौच, छातीत दुखणे यांतले काहीही दिसले की पंप थांबवून डॉक्टरांना बोलवावे. सतत लावलेला पल्स ऑक्सिमीटर या चौदा दिवसांत काढू नये.

टर्लिप्रेसिन नसेल तर आयसीयूत मध्यवर्ती शिरेतून नॉरअ‍ॅड्रेनलिन, तासाला अर्ध्या मिलिग्रॅमपासून तीन मिलिग्रॅमपर्यंत, सरासरी रक्तदाब किमान दहा-पंधराने वाढेल असे द्यावे. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेसमधील २०२० च्या अभ्यासात, ज्यांचे जुनाट यकृत अचानक ढासळले होते अशा रुग्णांत, टर्लिप्रेसिन सरस ठरले. मिडोड्रिन आणि ऑक्ट्रिओटाइडची जोडी आणखी कमजोर आहे. दुसरे काहीच शक्य नसेल तेव्हाच ती वापरावी.

खाणे, पोटॅशियम, सोडियम

किडनी बिघडली म्हणून डाळ बंद करणे ही घरची आणि कधी कधी वॉर्डातलीही रीत आहे. या रुग्णाचे स्नायू आधीच झिजलेले असतात. त्याला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत : मऊ वरणभात, मुगाची खिचडी, दही, अंडे, पनीर, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी पिठूळ खाणे, म्हणजे रात्रभराच्या उपासात स्नायू जळत नाहीत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आसपास, लोणचे-पापड-फरसाण बंद. पोटॅशियम वाढलेले असताना ‘थंड’ म्हणून शहाळ्याचे पाणी देऊ नये.

पोटॅशियम साडेसहाच्या पुढे असेल किंवा ईसीजी बदलला असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट, मग इन्शुलिन-ग्लुकोज द्यावे. पण थकलेल्या यकृतात साखरेचा साठा नसतो, म्हणून पुढचे सहा तास दर तासाला साखर तपासावी. सोडियम १२५ च्या खाली गेले तर पिण्याचे पाणी मर्यादित करावे.

डायलिसिस, प्रत्यारोपण आणि प्रामाणिक बोलणे

डायलिसिस यकृताला बरे करत नाही. प्रत्यारोपण ठरलेले असेल, किंवा बिघाडाचे कारण परत फिरण्याजोगे असेल, तर तो मधला पूल आहे. रक्तदाब कमी असणाऱ्यांत संथ गतीचे, सलग चालणारे डायलिसिस अधिक सोसते. यांपैकी काहीच नसताना आठवड्यांमागून आठवडे मशीनवर ठेवण्याने रुग्णाचे हाल आणि घराचे कर्ज वाढते, हे नातेवाइकांना पहिल्या डायलिसिसआधी सांगितले पाहिजे. हवे तर चार-पाच दिवसांची मुदत ठरवून सुरुवात करावी आणि त्या दिवशी पुन्हा बसून बोलावे.

मूळ उपचार यकृत प्रत्यारोपण हाच आहे. त्यासाठी पाठवणी टर्लिप्रेसिन अपयशी ठरल्यावर करायची नसते. मूत्रपिंडाचा पहिला बिघाड हीच पाठवणीची वेळ असते, औषधाने क्रिएटिनिन सुधारले तरीसुद्धा. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळच्या नात्याची कागदपत्रे लागतात, ज्यांना वेळ जातो. मृत दात्याच्या यादीसाठी महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत आणि नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते. मूत्रपिंड सहा आठवड्यांहून अधिक काळ बंद असेल तर यकृतासोबत मूत्रपिंडही बसवावे लागेल का, याचा विचार होतो; उशिराची ही आणखी एक किंमत आहे. दारू सोडून सहा महिने झाले नाहीत एवढ्यावरून दार बंद झाले असे गृहीत धरू नये. तो निर्णय प्रत्यारोपण केंद्राला घेऊ द्यावा.

प्रत्यारोपण शक्यच नसेल आणि टर्लिप्रेसिनही लागू पडले नसेल, तर उरलेला काळ बहुधा आठवड्यांत मोजायचा असतो. तेव्हाही पोटातील पाणी काढणे, खाज, मळमळ, वेदना आणि बेचैनी यांवर उपचार करणे चालूच ठेवावे. वेदनेसाठी मॉर्फिनपेक्षा अत्यल्प मात्रेतील फेंटानिल मूत्रपिंड बिघाडात सोसते. रुग्ण शुद्धीत असताना त्याला घरी राहायचे आहे का, कोणाला भेटायचे आहे, हे त्यालाच विचारावे.

जो सुधारून घरी जातो त्याला आठवड्याच्या आत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासायला बोलवावे, कारण टर्लिप्रेसिन थांबल्यावर आजार परतू शकतो आणि परतला तर तेच औषध पुन्हा देता येते. पाण्याच्या गोळ्या लगेच पूर्वीच्या मात्रेत सुरू करू नयेत. आकडा स्थिरावल्यावर कमी मात्रेने, दर आठवड्याला रक्त तपासत पुढे जावे. पोटातील पाण्याचा संसर्ग झालेला असेल तर नॉरफ्लॉक्सासिन ४०० मिलिग्रॅम रोज, किंवा तज्ज्ञ सुचवतील तो पर्याय. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर तीन ओळी मोठ्या अक्षरांत असाव्यात : घरी सोडतानाचे क्रिएटिनिन तारखेसह, कोरडे वजन, आणि ‘डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नये’. त्या पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये, रुग्ण वॉर्डातून बाहेर पडण्यापूर्वीच काढून ठेवावा.